एकशे चोवीस आणि एकशे आठ

“मग तोड्याले काय मी माह्या गुडघ्याची वाटी काढून पाठवू?” मनकर्णाबाईंनी वांग्याचं क्रेट पायानंच पुढे लोटलं. “तीन हप्ते म्हणते! तीन हप्त्यात वांगं झाडावर पिवळं होऊन बियाले येते, बाई.”

“आई, मी कामाले नाई म्हटलंच नाई,” काजल खाली मान घालून वांगी निवडत होती. किडकं बाजूला, चांगलं क्रेटात. “सकाळची निवडाई करतो, सैपाक करतो, भांडे करतो. फक्त दुपारी वावरात भाजी तोडायचं सोडा म्हणून राह्यली. पेपर होईपर्यंत.”

“दुपारचा तोडा हेच तं काम आहे. बाकीचं काय, ते मीबी बसल्या बसल्या करतो.”

धनंजय मालवाहू ऑटोत क्रेटं रचत होता. सकाळचे साडेसहा झाले होते आणि वर्ध्याच्या भाजीबाजारात सात वाजेपर्यंत पोचलं नाही, तर चांगला व्यापारी हातचा जायचा. “सासवा-सुनांचं झालं की सांगा,” तो म्हणाला, “तोवर बाजार उठून जाईन तिकडं.”

“तुम्ही बोला नं मग काहीतरी,” काजल नवऱ्याला म्हणाली.

“मी काय बोलू? फॉर्म भरायले मी आडवा आलो का? पहिल्या पेपरले नागपूरले गाडीवर नेलं नं तुले? पण बायाच नाई भेटून राह्यल्या तं मी कुठून आणू? साऱ्या कापूस वेचायले लागल्या. त्यायले घरापासून न्यायले गाडी येते. आपल्या काट्याच्या वांग्याले कोण हात लावते?”

“तीन वर्षं झाले लग्नाले,” मनकर्णाबाई वांग्यांना उद्देशून बोलल्यासारखं बोलल्या. “लोकायच्या सुना दवाखान्याच्या फाइली घेऊन फिरतात. आमची पुस्तकं घेऊन फिरते. एकीनं दहा वर्षं पुस्तकं उघडली या घरात, आता दुसरीनं उघडली.”

ती एक, म्हणजे वर्षाली, मनकर्णाबाईंची थोरली लेक, दाराच्या उंबऱ्यात उभी राहून चहा पीत होती. तिनं कप तोंडापाशीच धरला.

धनंजयचे वडील रूपराव नळावर पाय धूत होते. घरात मोठ्यानं न बोलणारा माणूस. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, पाय पुसले आणि म्हणाले, “थांबा. उगाच तोंडाले तोंड देऊ नका. वर्षालीले विचारा. तिले यातलं समजते. काजलचं होईन का नाई, हे तिनं सांगावं. होत असन तं काढू तीन हप्ते कसेबी. होत नसन तं पोरीनं विनाकारण जीव काऊन जाळावा?”

सगळ्यांनी वर्षालीकडे पाहिलं. काजलनंही पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आशा होती. पूर्वपरीक्षा तिनं पास केली होती. बँकेतल्या क्लार्कच्या जागेसाठीची मुख्य परीक्षा आता तेवीस दिवसांवर होती. तिला इंग्रजी शिकवलं होतं ते वर्षालीनंच.

“मी कसं सांगू, बाबा,” वर्षाली म्हणाली. मग कपात पाहून म्हणाली, “माह्या वेळी सरावाच्या पेपरले मले एकशे चोवीस पडत होते. तरी नाई झालं, तीनदा. तिले सध्या एकशे आठ पडून राह्यले.”

एवढंच ती बोलली. जास्त एक शब्द नाही.

“मग झालं तं,” रूपराव म्हणाले. मनकर्णाबाईंनी सुस्कारा सोडला. त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता, काम मार्गी लागल्याचं बरं वाटणं होतं. धनंजयनं ऑटोचा फाळका वर चढवून कडी घातली. काजलचा हात एका वांग्यावर थांबला होता. ती वर्षालीकडे पाहत राहिली. रागानं नव्हे. आपण बरोबर सोडवलेल्या प्रश्नावर तपासणाऱ्यानं काट मारलेली दिसावी, तसं. मग तिनं ते वांगं चांगल्यात टाकलं.

वर्षाली चौतीस वर्षांची होती. पिपरी मेघेतले घरांचे लेआउट जिथे संपतात तिथे रूपरावांचं अडीच एकर ओलिताचं वावर आणि त्याला लागूनच घर. तिच्या लहानपणी आजूबाजूला सगळी वावरंच होती. आता तीन बाजूंनी प्लॉट पडले, घरं उठली, आणि सकाळी फिरायला निघालेले नोकरीवाले कुंपणापाशी थांबून ताजी मेथी मागू लागले. त्यातले बँकेत असलेले दोघे-तिघे वर्षालीला नावानं ओळखत.

ती वर्ध्यात इंग्रजी घेऊन बी. ए. झाली, कॉलेजात पहिली आली. एकविसाव्या वर्षी तिनं बँकेच्या परीक्षेचा पहिला फॉर्म भरला. रूपरावांनी बियाणं आणि फवारणीचं सामान ठेवायची खोली रिकामी केली, चुना मारला, आणि ती खोली पोरीला अभ्यासाला दिली. औषधांचा वास मात्र त्या भिंतींतून कधी गेला नाही. त्या खोलीत ती दहा वर्षं बसली. दहा वर्षांत तिला कोणी वांगं तोडायला बोलावलं नाही. दाराबाहेर चहा ठेवला जाई आणि कप वाजू नये म्हणून मनकर्णाबाई तो पदरात धरून आणत. धनंजयनं मोबाइलवर गाणं लावलं तर त्या डोळे वटारत, “ताई अभ्यास करून राह्यली, दिसत नाई का तुले?” धनंजयनं आयटीआय अर्धवट सोडलं आणि तोड्याला लागला. वावरात दोन माणसं कमी पडत होती, आणि त्यातली एक जागा वर्षालीची होती. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, आणि न बोलण्यानं ते वर्षालीला रोज ऐकू येई.

सुरुवातीला तिला बघायला पाहुणे आले की रूपराव अभिमानानं सांगत, “यंदा पेपर आहे तिचा.” पाहुणे परत जात. तीन-चार वर्षं हे चाललं. मग पाहुणे आणणारेच यायचे थांबले. मग एकदा सिंदी रेल्वे या गावचं स्थळ आलं, कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी, बायको वारलेली. रूपराव त्या वेळी काहीच बोलले नाहीत. नाही म्हणायचं काम वर्षालीनं स्वतः केलं.

मुख्य परीक्षेपर्यंत ती तीनदा पोचली. तिन्ही वेळा थोडक्यात हुकली. एकतीस वर्षं पूर्ण झाली त्या ऑगस्टातल्या दिवशी वयाची अट संपली. घरात कोणाच्या लक्षात नव्हतं. मनकर्णाबाईंनी तर हौसेनं शिरा केला, वाढदिवस म्हणून. तिनं तो खाल्ला आणि सरावाचे पेपर द्यायला ती जिथे जाई त्या अभ्यासिकेत आपल्या कप्प्याची किल्ली परत करायला गेली.

अभ्यासिका टाइल्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होती. चाळीस खुर्च्या, प्रत्येकीपुढे प्लायवूडची आडभिंत, डोक्यावर पंखा, कोपऱ्यात पाण्याचा कॅन. पोरंपोरी सकाळी डबा घेऊन येत आणि दिवेलागणीला जात. चालवणारे वासुदेवराव निवृत्त हेडमास्तर. त्यांनी किल्ली घेतली नाही. म्हणाले, “पोरांना इंग्रजी शिकवाल का? तुमच्याएवढे पेपर या गावात कोणी दिले नाहीत.” त्यांना ते कौतुकच वाटलं होतं.

तेव्हापासून ती रोज दुपारी तीन ते सहा वर्ग घेत होती. आणि चांगली शिकवत होती, हे कोणीही सांगेल. तीन वर्षांत तिच्या हाताखालची अकरा पोरं लागली. त्यांच्या फोटोंचा फ्लेक्स टाइल्सच्या दुकानावर झळकत असे. खालच्या कोपऱ्यात मार्गदर्शक म्हणून तिचाही फोटो, पंचविशीतला, कारण त्यानंतर तिनं काढलाच नव्हता.

काजल लग्न होऊन आली तेव्हा वर्षालीला घरात पहिल्यांदा सोबत मिळाली. आर्वीची पोरगी, बी. कॉम. झालेली, वडील एस. टी. च्या डेपोत मेकॅनिक. वर्षाली ओट्याशी बसून इंग्रजीचे प्रश्न तयार करायची, मोठ्यानं वाचून पाहायची. काजल गॅसपुढून पोळी उलटता उलटता उत्तर द्यायची. एकदा म्हणाली, “तिथं ‘दॅट ऑफ’ पाह्यजे नं, ताई?” वर्षालीनं वळून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून वही आणून दिली. ते दिवस बरे होते. काजल मोटारपंपाच्या खोलीच्या दारावर खडूनं शब्द लिहून ठेवायची आणि पाणी बदलायला गेली की पाठ करायची. तोडताना कानात इयरफोन घालून तिनं अर्धा अभ्यास ऐकूनच केला. पहिल्या वेळी पूर्वपरीक्षेतच अडली, दुसऱ्या वेळी निघाली. अभ्यासिकेत पेढे वाटले ते वर्षालीनंच. पेढा देताना तिचा हात मोकळा होता. तेव्हा खरंच होता.

त्याच दिवशी, रविवारी, दुपारी वर्गात तिनं तुलनेचे प्रश्न घेतले. वाक्यातली चूक शोधा, या प्रकारात दर वर्षी एखादा असतोच आणि हुशार पोरंही त्यात पडतात. तिनं फळ्यावर लिहिलं. लिहिलेलं वाक्य वाचलं, ‘द प्राइस ऑफ ब्रिंजल्स इन वर्धा इज हायर दॅन आर्वी.’

“बरोबर की चूक?”

“बरोबर,” चार-पाच जण म्हणाले.

“भाव जास्त आहे. कशापेक्षा?”

“आर्वीपेक्षा.”

“मग आर्वीच घ्यावी लागेल विकत,” मागून हर्षित म्हणाला. “मॅडम, आर्वी कितीले किलो लावून राह्यले?”

वर्ग हसला. वर्षालीही हसली. “हेच ते. वांग्याचा भाव तुम्ही अख्ख्या गावाशी लावला. भाव भावाशी लावायचा. नुसती शेजारी शेजारी ठेवली म्हणून दोन गोष्टींची तुलना होत नाही. आधी विचारायचं, कशाशी काय लावलं. आपल्या घरी भाजी आहे, म्हणून सांगते. माझे बाबा पहिल्या तोड्याच्या वांग्याचा भाव कधी शेवटच्या तोड्याच्या वांग्याशी लावणार नाहीत. व्यापाऱ्यानं लावला तर पाटी उचलून चालू लागतील.”

पोरांनी लिहून घेतलं. ती वळून पुढचं वाक्य लिहू लागली, तेवढ्यात पहिल्या रांगेतली खुशी म्हणाली, “मॅडम, काजल वहिनी आज टेस्टले नाई आली?”

“घरी काम होतं.”

“नाई, मी म्हटलं तिच्याच्यानं आम्हाले धास्ती राह्यते. मागच्या वेळी तिले एकशे आठ अन् दुसऱ्या नंबरले सत्याण्णव. या नव्या पेपरात शंभर पार करणारी ती एकटीच आहे इथं.”

“हो,” वर्षाली फळ्याकडे तोंड करून म्हणाली.

त्या गुणांचा कागद दारावर तिनंच चिकटवला होता. पेपराची पद्धत तिच्या शेवटच्या खेपेनंतर बदलली होती. प्रश्न अवघड झाले होते, उतारे लांब झाले होते, वेळ तेवढाच. जुन्या पेपरांत तिला एकशे चोवीस पडत तेव्हा अभ्यासिकेत तिच्या पुढे आठ-नऊ जण असत. सकाळी उंबऱ्यात तिनं जे दोन आकडे सांगितले ते दोन्ही खरे होते. बाबांनी वांग्याबद्दल असं ऐकून घेतलं नसतं. पण पेपर म्हणजे त्यांच्यासाठी पेपर, आणि त्यातलं तिला एकटीला समजतं असंच घर मानत होतं.

सोमवारी काजल तोड्याला गेली. कुरकुर नाही, आदळआपट नाही. जुन्या मोज्यांची बोटं कापून केलेले हातमोजे घातले, चाकू घेतला, इयरफोन मात्र खुंटीवरच राहिले. मनकर्णाबाई संध्याकाळी वर्षालीला म्हणाल्या, “पाह्य, समजदार आहे पोरगी. एकदा सांगतलं, समजली.” वर्षालीनं ताट पुढे ओढलं. तिला जेवण गेलं नाही, पण तिनं ते संपवलं, नाहीतर कोणीतरी विचारलं असतं.

आपण असं का बोललो हे ती दोन दिवस स्वतःशी टाळत होती. काजलचं वाईट व्हावं असं तिला वाटत नव्हतं. पण गेले महिनाभर एक गोष्ट तिला टोचत होती. या घरात सगळ्यांनी मानून घेतलं होतं की त्या परीक्षाच तशा असतात, आपल्यासारख्यांच्या नशिबात नसतात, वर्षालीनं एवढं केलं तरी झालं नाही. तिचं अपयश सगळ्यांनी मिळून असं सांभाळून ठेवलं होतं. आणि आता पोळ्या लाटून, वांगी तोडून, पंपाच्या खोलीत शब्द पाठ करून कोणी दोन वर्षांत बँकेत लागलं, की मग त्या चुना मारलेल्या खोलीतल्या दहा वर्षांचं काय सांगायचं?

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास ती वर्गाची तयारी करत असताना, तोड्याला जायच्या आधी, काजल खोलीच्या दाराशी आली. दार उघडंच होतं तरी तिनं कडी वाजवली.

“ताई, तुमच्या पेटीतला एक जुना पेपर घेतला होता मी. न विचारता.”

तिच्या हातात पिवळट पडलेला सरावाचा संच होता. वर्षालीनं तो ओळखला. शेवटच्या खेपेचा. वरती तिच्याच हस्ताक्षरात लाल पेननं १२४ लिहिलेलं होतं, गोल करून.

“काल अर्धा सोडवला, आज अर्धा. घड्याळ लावून. वेळ एकच दिला, तुमच्याएवढाच. तुमच्या खुणा दिसू नये म्हणून वरून कागद लावला होता.” काजलनं वहीचं पान पुढे केलं. “तपासून पाहा.”

वर्षालीनं तपासलं. शिक्षकाची सवय, पेन आपोआप हातात आलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिनं खुणा केल्या. बाहेर विहिरीवरचा पंप चालू होता. बेरीज तिनं दोनदा केली.

एकशे एकेचाळीस.

“काजल...”

“मले काही ऐकायचं नाई, ताई. फक्त पाह्यचं होतं की मी येडी आहे का काय.” काजलच्या बोटांवर काट्यांचे बारीक काळे ठिपके होते. तिनं हात पदरामागे घेतले. “तुम्ही खोटं काहीच नाई बोलल्या. तेच मले दोन दिवस समजून नाई राह्यलं. खोटं बोलल्या असत्या तं मी तिथंच भांडली असती. तुम्ही फक्त दोन आकडे जवळ जवळ ठेवले अन् चहा प्याल्या.”

“तू तेव्हाच काऊन नाई बोलली?”

“बोलून? लेकीपुढं सून खोटी पडली असती. अन् आई म्हणाल्या असत्या, शिकवणारीलेच उलटून बोलते.”

वर्षालीनं पेनचं टोपण लावलं. काढलं. “मी सांगतो बाबाले. आजच सांगतो. अन् मग उरलेले दिवस आपण दोघी रोज बसू. उतारे राह्यले आहेत तुझे, त्याच्यात तू घाई करतं...”

“सांगा,” काजल म्हणाली. “सांगायलेच पाह्यजे तुम्ही. पण मले आता शिकवू नका. तुम्ही बरोबर म्हटलं तरी मी ते पुन्हा दुसरीकडं तपासीन. त्याच्यात माझा वेळ जाईन.”

ती हे अगदी शांतपणे बोलली, पाणी बंद करायला जाते म्हणून सांगावं तसं. आणि खरंच पाणी बंद करायला गेली.

वर्ग सुटल्यावर वर्षाली वासुदेवरावांच्या टेबलापाशी थांबली. ते हजेरीचं पान लिहीत होते.

“सर, तीन आठवडे सुटी पाहिजे होती. दुपारची.”

“आत्ता? मेनची परीक्षा तोंडावर आहे पोरांची.”

“म्हणूनच विचारते. घरी अडचण आहे.”

वासुदेवरावांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. “हे बघा, नागपूरचे एक सर केव्हाचे मागे लागले आहेत माझ्या. मी म्हणायचो, आमच्याकडे मॅडम आहेत. आता बोलावलं तर ते तीन आठवड्यांसाठी नाही यायचे. जूनपर्यंतचा शब्द मागतील. तुम्ही ठरवा. पोरं रिकामी ठेवता येणार नाहीत मला, एवढंच.”

“उद्या सकाळी सांगते.”

“सकाळी नऊच्या आत सांगा. म्हणजे त्यांना फोन करता येईल.”

जिन्यावरून उतरताना तिला हर्षित आणि दोन पोरं चहाच्या टपरीवर दिसली. “मॅडम, चहा,” हर्षितनं ग्लास उंचावला. तिनं मान हलवली आणि स्कूटी काढली.

घरी आली तेव्हा सगळे अंगणात होते. दुपारचा तोडा येऊन पडला होता. धनंजय आणि काजल मिरची पसरत होते, मनकर्णाबाई पाटावर पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत होत्या, रूपराव मेथीच्या जुड्या बांधत होते. वर्षालीनं स्कूटी लावली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून बोलली. बसली असती तर बोलणं झालं नसतं, हे तिला माहीत होतं.

“बाबा, मी इतवारी काजलबद्दल सांगतलं ते बरोबर नव्हतं.”

“काय सांगतलं?” रूपरावांना लगेच आठवलं नाही.

“तिचे मार्क. माझा पेपर सोपा होता, तिचा अवघड आहे. माझ्या वेळचा पेपर तिनं सोडवला. एकशे एकेचाळीस पडले. मले आयुष्यात कधी तेवढे पडले नाई. अभ्यासिकेत ती पहिली आहे. तिचं होऊ शकते.”

रूपरावांच्या हातातली जुडी बांधायची राहिली. “म्हणजे तू आम्हाले खोटं सांगतलं?”

“आकडे खरेच होते.”

“ते मले नको सांगू. खोटं सांगतलं का नाई?”

“हो.”

धनंजयनं वर पाहिलं, मग बायकोकडे. काजल मिरची पसरतच होती.

“काऊन व असं केलं?” रूपरावांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं.

“तिचं झालं असतं, मग तुम्ही मले विचारलं असतं की तुझं काऊन नाई झालं.”

“आम्ही कधी विचारलं तुले?” रूपराव म्हणाले. “तेरा वर्षांत एकदा तरी विचारलं?”

“नाई विचारलं,” वर्षाली म्हणाली.

शेजारच्या लेआउटमध्ये कोणीतरी पाण्याच्या टाकीची मोटार लावली. रूपरावांनी ती जुडी बांधली, बाजूला ठेवली, आणि दुसरी घ्यायला हात पुढे केला तो तसाच मांडीवर ठेवला.

मनकर्णाबाईंनी तेलाची वाटी सारली. “झालं गेलं. पोरगी आहे, बोलून गेली.” मग त्या सुनेकडे न पाहता म्हणाल्या, “पण एकशे चाळीस पडो का दोनशे पडो, झाडावरचे वांगे काय मार्क पाहून खाली येतात? आजचा तोडा झाला, उद्या भेंडीचा आहे, परवा पुन्हा वांगे. धनंजय एकटा किती उतरवन? मी काई वाईट म्हणत नाई कोणाले. हात कोणाचे आहेत ते सांगा.”

म्हणजे आकड्यांचा प्रश्न कधी नव्हताच. वर्षालीला हे वाटेत येतानाही माहीत होतं. तिच्या त्या दोन आकड्यांनी फक्त सगळ्यांना एक सोय करून दिली होती.

“मी पहाटे लवकर उठून...” धनंजयनं सुरुवात केली.

“तू चारले तं उठतंच. अजून किती लवकर उठशीन?” मनकर्णाबाई म्हणाल्या. “अन् पहाटे दहिवरात भेंडी तोडली तं सडते ती दुपारपर्यंत.”

काजल उठली. मिरचीचा हात झटकून घरात जायला निघाली. भांडायचं नव्हतं तिला, भाताची वेळ झाली होती.

“थांब, काजल,” वर्षाली म्हणाली.

ती थांबली, पण वळली नाही.

वर्षालीनं पर्समधून फोन काढला आणि वासुदेवरावांना लावला. “सर, मी वर्षाली. त्या नागपूरच्या सरांना उद्यापासून बोलवून घ्या.” पलीकडून ते काहीतरी विचारत होते. “हो, जूनपर्यंत चालेल. नाही, विचार करूनच सांगते.” तिनं फोन बंद केला.

“जूनपर्यंत म्हणजे?” रूपरावांनी विचारलं. “वर्ग सोडला का तू?”

“सोडला. उद्यापासून दुपारच्या तोड्याले मी येईन. काजल घरी बसेल, पेपर होईपर्यंत.”